बोधाचे संगीत नाटक बसवताना: संहितेपासून तिसऱ्या घंटेपर्यंत

बुद्धपौर्णिमा किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की मराठवाड्यातल्या हौशी नाट्यसंस्था, महाविद्यालयांचे नाट्यसंघ आणि वस्त्यावस्त्यांतली तरुण मंडळे बुद्धाच्या शिकवणीवर, शक्यतो आजच्या काळात घडणारे, संगीत नाटक करायचे ठरवतात. काम बहुतेक ठिकाणी एकाच जागेवरून सुरू होते, ती जागा म्हणजे कोणाला तरी सुचलेली एक चांगली चाल. चालीवर शब्द बसवले जातात, गाण्याभोवती प्रवेश रचला जातो, आणि शेवटच्या अंकात पिंपळाखाली बसलेल्या नटाच्या मागे प्रकाशाचे चक्र फिरवून, धूर सोडून, कोरसकडून दहा मिनिटांचे गाणे म्हणवून घेतले जाते. प्रेक्षक हात जोडतो, कारण तो श्रद्धेने आलेला असतो. पण त्या पात्राला नेमके काय उमगले, असे बाहेर पडताना त्याला विचारले तर सांगता येत नाही. अशा संहिता वाचण्यासाठी आणि तालमी पाहण्यासाठी मला अनेकदा बोलावले जाते, आणि दुरुस्ती दरवेळी जवळजवळ तीच असते, म्हणून कामाचा क्रम येथे एकदा नीट लिहून ठेवत आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक काल्पनिक कथानक शेवटपर्यंत बरोबर घेऊ. पुत्रशोकाने वेडीपिशी झालेली किसागोतमी बुद्धाकडे औषध मागते; ज्या घरी कधीच कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असे बुद्ध तिला सांगतात; ती श्रावस्तीत दारोदार फिरते आणि रिकाम्या हाताने, पण जागी होऊन परतते. ही कथा सर्वपरिचित आहे. आपल्या नाटकातली बाई मांजरा नदीकाठच्या एका गावातली आहे, तिचे नाव गोदा. तिचा अठरा वर्षांचा मुलगा अपघातात गेला आहे आणि ती त्याचा मोबाइल रोज रात्री चार्जिंगला लावते, दर 28 दिवसांनी त्याच्या नंबरवर रिचार्ज मारते.

## 1. बोध कोणत्या कृतीत दिसणार, ते आधी ठरवा

गाणे, चाल, नेपथ्य यांपैकी कशालाही हात लावण्यापूर्वी एका कागदावर दोन वाक्ये लिहावीत. पहिल्या वाक्यात पात्र नाटकाच्या सुरुवातीला रोज काय करते ते असावे आणि दुसऱ्यात शेवटी ते काय करायचे थांबवते किंवा वेगळे काय करते ते असावे. दोन्ही वाक्यांतली क्रियापदे डोळ्यांनी दिसणारी हवीत. ‘गोदाला जीवनाची अनित्यता कळते’ हे वाक्य येथे चालणार नाही, कारण ‘कळणे’ रंगमंचावर दिसत नाही. ‘गोदा मुलाचा फोन चार्जरवरून काढून त्याच्या दप्तरात ठेवते आणि तो चार्जर शेजारच्या पोराला देऊन टाकते’ हे चालेल, कारण त्यात तण्हा (आसक्ती) सुटणेही आहे आणि करुणाही आहे, आणि दोहोंपैकी एकाही शब्दाचा उच्चार कोणाला करावा लागत नाही.

शेवटची कृती एकदा ठरली की तिची पेरणी पहिल्या अंकात करावी लागते. शेजारच्या पोराचा चार्जर तुटलेला आहे आणि तो दोनदा मागूनही गोदा त्याला आपल्या चार्जरला हात लावू देत नाही, असे पहिल्या पंधरा मिनिटांत प्रेक्षकाने पाहिलेले असेल, तरच शेवटी चार्जर देण्याला वजन येते.

तपासणी: नाटकाशी संबंध नसलेल्या माणसाला ही दोन वाक्ये वाचून दाखवा. त्याने आपणहून ‘मग मधे काय झालं?’ असे विचारले तर पुढे जावे. त्याने ‘छान विषय आहे’ एवढेच म्हटले तर वाक्ये पुन्हा लिहावीत.

## 2. मूळ कथेचा पाठ एकच निवडा

मराठवाड्यातल्या प्रेक्षागृहात बसलेला मोठा वर्ग बुद्धचरित्र ऐकून नव्हे, वाचून आलेला असतो, आणि येथेच बहुतेक संहिता अडखळतात. सिद्धार्थाचा प्रसंग घ्यायचा असेल तर त्याच्या गृहत्यागाची दोन वेगळी कारणे प्रचलित आहेत हे लेखकाने ध्यानात ठेवावे. परंपरेने सांगितलेल्या कथेत वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांचे दर्शन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही कथा पटण्याजोगी नाही असे सांगून शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध हे कारण मांडले आहे. पहिल्या अंकात रथातून जाणाऱ्या राजपुत्राला म्हातारा दाखवायचा आणि दुसऱ्या अंकात त्याच्या तोंडी रोहिणीच्या पाण्याचा संवाद घालायचा, असे सरमिसळ केलेले नाटक मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. दोन्ही पाठ आपापल्या जागी उभे राहतात, एकत्र उभे राहत नाहीत. (माझे मत विचाराल तर टँकरच्या रांगेत उन्हाळे काढलेल्या प्रेक्षकाला रोहिणीचा तंटा समजावून सांगावा लागत नाही.)

शब्दांच्या बाबतीत पुढील चुका नेहमी होतात. पालीत श आणि ष नाहीत, म्हणून त्रिशरणातला (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याच्या वंदनेतला) उच्चार ‘सरणं’ असा हवा. नट सवयीने ‘शरणं’ म्हणतो. ‘मोक्ष’, ‘आत्म्याला शांती’, ‘देवाची इच्छा’ हे शब्द बौद्ध पात्राच्या तोंडी सहज घुसतात, आणि अनात्मवाद, म्हणजे आत्मा नाहीच असे, मानणाऱ्या माणसाच्या तोंडी आत्म्याची शांती आली की तिसऱ्या रांगेत कुजबुज सुरू होते. बौद्ध घरातल्या मृत्यूनंतरच्या कार्यक्रमाला पुण्यानुमोदन म्हणतात. तेथे ‘तेरावे’ लिहू नये. भन्तेजींचे (बौद्ध भिक्खूंचे) पात्र असेल तर ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, आणि रडणाऱ्या बाईच्या डोक्यावर हातही ठेवत नाहीत. ते समोर बसतील, पाणी पुढे सरकवतील, इतकेच.

सावधान: संगीत नाटकाची परंपरा म्हणून सुरुवातीला नांदी हवीच असा आग्रह कोणी तरी धरतोच, आणि मग इष्टदेवतेच्या स्तुतीत बुद्धाला अवतारमालिकेत बसवणारी ओळ येते. 1956 सालच्या 14 ऑक्टोबरला नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा नेमकी हीच कल्पना नाकारते. नांदीच्या जागी सूत्रधाराचे किंवा शाहिराचे गावाची ओळख करून देणारे पद ठेवावे.

## 3. संपूर्ण नाटक आधी गद्यात लिहा

या टप्प्यावर एकही गाणे लिहायचे नाही. लेखकाला हे सर्वात जड जाते, पण गद्य संहिता पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत पूर्ण झाल्याशिवाय कुठले गाणे आवश्यक आहे आणि कुठले केवळ हौसेचे आहे, हे कळायला दुसरा मार्ग नाही. दोन अंकी नाटकाचे मध्यंतर धरून अडीच तास ठेवायचे असतील, तर गद्याचे सरळ वाचन दीड तासाच्या आत बसले पाहिजे.

पात्रांची भाषा त्यांच्या गावची असावी. ‘काय करायलास?’, ‘कामून रडायलीस?’, ‘लेकरू’ हे शब्द नटांच्या घरातच असतात. ते लेखकाने काढून टाकले नाहीत म्हणजे झाले. मात्र लातूरकडचे, बीडकडचे आणि नांदेडकडचे बोलणे एकसारखे नाही, त्यामुळे एका कुटुंबातल्या चार पात्रांनी चार जिल्ह्यांची बोली बोलू नये. विनोदासाठी बोली आणि उपदेशासाठी प्रमाणभाषा अशी वाटणीही करू नये. भन्तेजी त्याच तालुक्यातले असतील तर तेही ‘बस, माय’ असेच म्हणतील.

उपदेशाच्या जागा या वाचनात लगेच उघड्या पडतात. ज्या पानावर एक पात्र सलग दहा ओळींहून अधिक बोलते आणि दुसरे फक्त मान डोलावते, त्या पानावर लाल खूण करावी. भन्तेजींचे किसागोतमीच्या कथेवरचे प्रवचन आपल्या नाटकात असता कामा नये. ते फक्त मोहरी आणायला सांगतील, अट सांगतील, आणि उठून झाडलोट करायला लागतील.

तपासणी: गाण्याविना झालेल्या या वाचनात ऐकणाऱ्यांना शेवटच्या कृतीचा अर्थ लागला पाहिजे. लागत नसेल तर दोष गद्यात आहे, आणि तो संगीताने झाकता येईल अशी आशा करू नये.

## 4. गाण्यांच्या जागा शोधा

हा टप्पा सर्वात महत्त्वाचा आहे आणि सर्वात घाईने उरकला जातो. गाणे कुठे यावे याची कसोटी सोपी आहे: पात्राला जे बोलून दाखवता येत नाही, किंवा बोलले तर खोटे वाटेल, तेथे गाणे येते, आणि गाणे संपताना पात्र सुरुवातीच्या जागेवरून हललेले असते. गाण्याआधीची आणि नंतरची मनःस्थिती एकच असेल तर ते पद कितीही गोड असले तरी काढावे.

गोदाच्या कथेत असे पहिले ठिकाण म्हणजे रात्री फोन चार्जिंगला लावण्याचा क्षण. त्याविषयी ती कोणाशीही बोलणार नाही, म्हणून ती गाईल, आणि गाण्याच्या अखेरीस शेजारच्या पोराला दार लावून घेईल. दुसरे ठिकाण, ज्यावर सगळे नाटक तोलले आहे, ते म्हणजे दारोदार मोहरी मागणे. येथे पाच घरांसाठी पाच स्वतंत्र गाणी लिहिण्याची चूक होते. त्याऐवजी जात्यावरच्या ओवीची एकच चाल घ्यावी आणि प्रत्येक दारात तिच्यावर एक ओवी रचावी. गोदा पहिली ओळ म्हणते, घरातली बाई दुसरी:

*मूठभर मोहरी दे गं, आले मी मागायला*
*डबाभर आहे बाई, सासू न्हाई निवडायला*

अट काय आहे, हे येथे कोणी उच्चारत नाही. मोहरी तर घरात आहे, पण ती निवडणारी बाई नाही, एवढ्यावर ते दार बंद होते. पहिल्या घरी ढोलकी, टाळ, तुणतुणे आणि हार्मोनियम अशी सगळी साथ ठेवावी. पुढच्या प्रत्येक दारात एक वाद्य कमी करावे, म्हणजे पाचव्या दारात नुसता आवाज उरतो. ते पाचवे दार गोदाच्या स्वतःच्या घराचे असते, तेथे मागणारी तीच आणि देणारीही तीच. दुसरी ओळ तिला म्हणता येत नाही. गाणे तेथेच, अर्ध्या ओवीवर, थांबते.

त्यानंतरच्या शांततेत फोन चार्जरवरून निघतो. बोधाच्या क्षणी गाणे नसावे, हे माझे ठाम मत आहे आणि त्यावर सर्वात जास्त वाद होतो. संगीतकाराला वाटते की नाटकातला सर्वात मोठा क्षण आपल्याकडून काढून घेतला. प्रत्यक्षात तासभर सुरावर बसवलेल्या प्रेक्षकाला सूर थांबल्याचा जो धक्का बसतो, तो दुसऱ्या कुठल्याच साधनाने देता येत नाही, आणि तो धक्का संगीतकारानेच तयार केलेला असतो, हे त्याला शांतपणे पटवून द्यावे.

गाण्यांची संख्या आठ ते दहाच्या पुढे नेऊ नये आणि कोणतेही पद, आलाप-ताना धरून, पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये. ओव्यांचा प्रसंग याला अपवाद असतो, कारण त्यात मधे गद्य येते.

सावधान: भैरवी कुठे वापरायची ते विचारपूर्वक ठरवा. भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट, ही खूणगाठ मराठी श्रोत्याच्या कानात इतकी पक्की आहे की नाटक संपायला अजून वीस मिनिटे असताना भैरवी लागली तर मागच्या रांगांतली माणसे पायाने चपला चाचपू लागतात.

## 5. पट्टी, चाली आणि साथ

चाली बांधण्यापूर्वी प्रत्येक गाणाऱ्या नटाची पट्टी, म्हणजे हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीला ‘सा’ धरून तो सहज गातो ते, तपासून वहीत लिहावी, तीही बसून नव्हे तर उभे राहून, दहा पावले चालल्यावर. घरी काळी दोनमध्ये सुरेख गाणारा तरुण रंगमंचावर धावत आल्यानंतर काळी एकमध्येही धापा टाकतो. द्वंद्वगीताची अडचण वेगळी असते. पुरुषाची पट्टी काळी एक आणि बाईची काळी चार असेल, तर तिचा षड्ज (सा) त्याच्या पंचमावर (प) पडतो. ही गोष्ट चाल बांधतानाच वापरून घेतली, म्हणजे त्याची ओळ पंचमावर थांबवून तोच सूर तिला षड्ज म्हणून उचलायला दिला, तर पट्टी बदलल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. हे न करता मधल्या कुठल्या तरी पट्टीत दोघांना कोंबले की त्याचा आवाज वर चिरकतो आणि तिचा खाली बुडतो.

चालीसाठी लोकप्रिय चित्रपटगीत घेऊन त्यावर नवे शब्द बसवण्याचा मोह टाळावा. हक्कांचा प्रश्न आहेच, शिवाय प्रेक्षकाच्या डोक्यात मूळ गाणे वाजू लागते आणि गोदाचे शब्द त्याला ऐकू येत नाहीत. आपल्याकडे ओवी आहे, शाहिरी आहे, जलशांची आणि भीमगीतांची जिवंत परंपरा आहे, गावोगावी ढोलकी वाजवणारे हात आहेत. दादरा आणि केरवा या दोन ठेक्यांत नाटकाची बहुतेक पदे बसतात. फार तर एका पदाला रूपक घ्यावा, तोही वाजवणाऱ्याला सात मात्रांची सवय असेल तर.

रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकविषयी आमच्यावर बेतलेला एक प्रसंग सांगणे भाग आहे. एका तालुक्याच्या गावी आमच्या नाटकात विहारातला प्रसंग होता आणि नटांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला पुढच्या रांगेतली एक आजी उठून उभी राहिली, पाठोपाठ सगळे सभागृह उभे राहिले आणि सहाशे माणसे आपल्या संथ, रोजच्या लयीत वंदना म्हणू लागली. आमचा ट्रॅक मात्र स्टुडिओतल्या लयीत पुढे धावत होता. नटांनी ट्रॅक धरला तर प्रेक्षक मागे पडत होते आणि प्रेक्षकांना धरले तर ट्रॅक निसटत होता; ‘ततियम्पि’ला, म्हणजे तिसऱ्या आवर्तनाला, पोहोचेपर्यंत दोन वंदना एकाच वेळी चालू होत्या आणि आमच्या ध्वनियंत्रकाने घाबरून आवाज आणखी वाढवला होता. तेव्हापासून जेथे प्रेक्षक सामील होण्याची शक्यता आहे तेथे एक हार्मोनियम आणि डोळे उघडे ठेवून वाजवणारा वादक, याखेरीज काहीही ठेवत नाही. वंदना संपल्यावर ‘साधु, साधु, साधु’ होऊन लोक खाली बसेपर्यंत साधारण अर्धा मिनिट जातो. तो तालमीतच मोजून ठेवावा आणि त्या वेळात नटांनी काय करायचे ते ठरवावे.

तपासणी: प्रत्येक पद वाद्यांशिवाय, फक्त हार्मोनियमच्या षड्जावर म्हणून घ्या आणि संहिता न वाचलेल्या माणसाला शब्द लिहून काढायला सांगा. चारपैकी एखादी ओळ चुकली तर उच्चार सुधारता येतो; दोन चुकल्या तर चाल बदलावी.

## 6. प्रमाणपत्र आणि परवानग्या

येथे वेळेचा हिशोब चुकतो, म्हणून हा टप्पा तालमींच्या आधी ठेवला आहे. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. प्रमाणपत्र ज्या संहितेला मिळते तिचाच प्रयोग करायचा असतो, त्यामुळे पदांचे शब्द पक्के झाल्यावर, पदांसह टंकलिखित केलेली पूर्ण संहिता पाठवावी. ‘गाणी नंतर जोडू’ असे करू नये. धार्मिक आशयाच्या नाटकात आक्षेप निघाला तर उत्तर द्यायला दिवस हाताशी असावेत. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचे असल्यास हौशी मराठी नाटकांची आणि संगीत नाटकांची स्पर्धा वेगवेगळी असते. त्या वर्षीची नियमावली हातात घेऊन वेळेची आणि पदांची अट वाचावी, मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

उघड्या मैदानावर प्रयोग असेल तर रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. मे महिन्यातल्या बुद्धपौर्णिमेला आपल्याकडे उन्हाची धग ओसरून माणसे मैदानात येईपर्यंत आठ वाजतात, मग दोन भाषणे होतात, आणि पावणेनऊला सुरू झालेल्या अडीच तासांच्या नाटकातला बोधाचा प्रसंग पोलिसांच्या शिट्टीत बुडतो. अशा प्रयोगासाठी सव्वा तासाची मध्यंतराविना आवृत्ती आधीच तयार ठेवावी, आणि सत्कार नाटकानंतर होतील हे आयोजकांकडून लेखी घ्यावे.

## 7. तालमींचा क्रम

आठ आठवडे धरले तर पहिला आठवडा फक्त वाचनाचा असावा. दुसरा आणि तिसरा आठवडा गद्य प्रवेश उभे करण्यात जावा. याच काळात पदांचा सराव वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत चालू ठेवावा. चौथ्या आठवड्यापासून गद्य आणि पद यांचे सांधे जोडायचे. सर्वाधिक वेळ याच सांध्यांना द्यावा लागतो, कारण नाटक पडते ते गाण्यात नव्हे आणि संवादातही नव्हे. ते पडते शेवटचा संवाद आणि हार्मोनियमचा पहिला सूर यांच्या मधल्या चार सेकंदांत. नट संवाद संपवून घसा खाकरतो, वादकाकडे पाहतो, वादक मान हलवतो, आणि गोदा नाहीशी होऊन तेथे गाणारी बाई उभी राहते. यावर उपाय असा की संवादाच्या शेवटच्या चार शब्दांखाली षड्ज आधीच धरायचा, आणि वादकाला नटाच्या एखाद्या हालचालीवर, जसे चार्जरची पिन घालण्यावर, पहिला ठोका बांधून द्यायचा.

शांततेचीही तालीम करावी लागते. फोन काढून दप्तरात ठेवण्याचा प्रसंग घड्याळ लावून किमान दहा वेळा करून घ्यावा. सुरुवातीला नटी वीस सेकंदांत उरकते, कारण रिकाम्या रंगमंचाची तिला भीती वाटते. तिला ‘ध्यानस्थ हो’ किंवा ‘चेहऱ्यावर तेज आण’ अशा सूचना देऊ नयेत, त्याने डोळे अर्धे मिटून घेण्यापलीकडे काही होत नाही. कामे द्यावीत: पिन ओढ, वायर बोटांवर गुंडाळ, दप्तराची चेन अडकते ती सोडव, वही बाहेर आली तर परत आत सरकव. कामे पूर्ण झाली की नव्वद सेकंद आपोआप भरतात, आणि चेहऱ्याचे काय करायचे हा प्रश्न तिला पडतच नाही.

सातव्या आठवड्यात सलग तालमी, आठव्यात दोन रंगीत तालमी, त्यातली एक वेशभूषा, माइक आणि वादकांसह, न थांबता. प्रॉम्प्टरने त्या तालमीत फक्त चुका लिहायच्या, सांगायच्या नाहीत.

## 8. नेपथ्य, प्रकाश आणि ध्वनी

नेपथ्याविषयी थोडक्यात सांगतो: घराचे एक दार, एक भिंत आणि तिच्यावरचा प्लगचा बोर्ड पुरे. पाच घरांसाठी तेच दार फिरवता येते. पिंपळ दाखवायचाच असेल तर तोडलेली फांदी आणू नये. दिव्यांच्या उष्णतेने मध्यंतरापर्यंत पाने लोंबतात. पुठ्ठ्याची चार पाने कापून त्यांची हलती सावली भिंतीवर पाडावी. लांब देठामुळे पिंपळाचे पान जरा वाऱ्याने थरथरते, ही खूण ओळखीची असल्याने सावली पुरते. मूर्ती, कोरीव काम किंवा मुद्रा वापरायच्या असतील तर प्रकाशयोजनाकाराला आणि नेपथ्यकाराला घेऊन एकदा अजिंठ्याला जावे (सोमवारी लेणी बंद असतात). 26 व्या लेण्यातला मारविजयाचा देखावा आणि महापरिनिर्वाणाची मूर्ती पाहिल्यावर डोक्यामागचे विजेचे चक्र बसवण्याची इच्छा सहसा उरत नाही.

बोधाच्या प्रसंगी प्रकाश वाढवू नये. भिंतीवरच्या प्लगच्या बोर्डाचा लाल दिवा पहिल्या प्रवेशापासून दिसत राहिला असेल, तर तो बटन बंद करताच विझणे हाच प्रकाशाचा बदल पुरेसा असतो.

ध्वनीच्या तक्रारी मात्र प्रत्येक प्रयोगाला येतात. कॉलर माइक साडीच्या पदराखाली लावला तर प्रत्येक हालचालीला खरखर येते. तो ब्लाउजच्या काठाला, पदर ज्या खांद्यावर नाही त्या बाजूला लावावा. भन्तेजींच्या चीवराचे कापड नवे असेल तर खळीमुळे आवाज करते आणि टेरिकॉटचे असेल तर दिव्यात चमकते; सुती कापड घेऊन दोनदा धुवावे, आणि उजवा खांदा उघडा राहील असे नेसण्याचा सराव नटाने विहारात जाऊन, विचारून करावा. संत एकनाथ रंगमंदिर किंवा तापडिया नाट्यमंदिर यांसारख्या नाट्यगृहात बसवलेले आवाजाचे प्रमाण पत्र्याच्या मंगल कार्यालयात चालत नाही. तेथे आवाज घुमतो, म्हणून लय किंचित कमी करून ढोलकीचा माइक काढून टाकावा.

सावधान: वादक विंगेत बसवायचे असतील तर त्यांना नटी दिसली पाहिजे. वाद्ये कुठे मावतात ते पाहून जागा ठरवली की गाणी उशिरा सुरू होतात.

## 9. प्रयोगाचा दिवस

पहिल्या घंटेच्या चार तास आधी पोहोचावे. हार्मोनियम, ढोलकी आणि प्रमाणपत्राची प्रत एकाच माणसाच्या ताब्यात, एकाच गाडीत असावी. ढोलकीची शाई आणि पान वातानुकूलित सभागृहात वेगळे बोलतात, म्हणून ती सभागृहातच तासभर ठेवून मग सुरात लावावी. जनरेटर आहे का, एवढे विचारून थांबू नये. वीज गेल्यापासून तो सुरू व्हायला किती सेकंद लागतात ते विचारावे आणि तेवढा वेळ नटांनी अंधारात काय करायचे ते सांगून ठेवावे. त्रिशरणाच्या प्रसंगाची कल्पना सभागृहाच्या कर्मचाऱ्यांनाही द्यावी, नाहीतर लोक उभे राहताच मध्यंतर समजून मागचे दिवे लावले जातात.

रंगमंचावरचा फोन ही या नाटकातली सर्वात नाजूक वस्तू आहे. त्यातले सिम काढलेले असावे, फोन विमानमोडवर असावा, आणि पहिल्या प्रवेशात त्याचा स्क्रीन उजळायचा असल्याने तो खरोखर चार्ज केलेला असावा. तसाच दुसरा फोन विंगेत, नाव लिहून दिलेल्या एकाच माणसाच्या हातात ठेवावा. आणि तिसरी घंटा होण्यापूर्वी गोदाचे काम करणाऱ्या नटीने स्वतः जाऊन भिंतीवरच्या बोर्डात पिन एकदा घालून पाहावी.